झोळी, गोमुखी आणि पर्स

पिशवी या वस्तूकडे आमच्या टीकाकारांनी आजवर लक्ष दिलेले नाही. देवळाच्या शिखरावर, मूर्तीच्या मुद्रेवर, पैठणीच्या पदरावर लिहिणारे लिहीत आले. परंतु ज्या झोळीत माधुकरी पडते, ज्या चंचीत पान, सुपारी आणि चुन्याची डबी नांदते, ज्या गोमुखीत जपमाळ फिरते, तिच्या रूपगुणांची चिकित्सा करावी असे फारसे कोणास वाटले नाही. आज मात्र पिशवीला दिवस आले आहेत. केळीच्या सोपटाची, नारळाच्या पाण्याची, अननसाच्या पातीची, बुरशीची, इतकेच नव्हे तर देवळांतील निर्माल्याची पर्स शहरांतील दुकानांतून आणि प्रदर्शनांतून मांडली जाते. तिच्या बंदाला एक लहानसे चिठोरे लोंबत असते आणि ती वस्तू किती अपूर्व, किती नैसर्गिक व किती पर्यावरणस्नेही आहे, याचे वर्णन त्यावर छापलेले असते. पिशवीपेक्षाही या चिठोऱ्यावरील वाङ्मयाचे परीक्षण करावे, असा आमचा मानस आहे. कारण पिशवी फाटते तेव्हा लगेच दिसते, चिठोऱ्यावरील विधान फाटके असले तर ते पुष्कळ दिवस कोणाच्या ध्यानात येत नाही.

पहिला शब्द ‘अपूर्व’. कोणाला अपूर्व? केळीचा तंतू घ्या. गोव्यात आणि कोकणात अबोलीची, मोगऱ्याची वा जायांची फांती केळीच्या सोपटाच्या धाग्यानेच गुंफावयाची, ही रीत आमच्या वाचकांतील कोणत्याही आजीबाईंना सांगावी लागणार नाही. मर्दोळच्या महालसेच्या जायांच्या पूजेत ज्या राशी वाहिल्या जातात त्यांना बांधून ठेवणारा धागा पाण्यात भिजवला की मऊ होतो, फुलाचे देठ कापत नाही आणि फुलांबरोबरच सुकून मातीला मिळतो. सुताचा दोरा यांपैकी पहिल्या दोन गोष्टी अर्धवट करतो आणि नायलॉनचा एकही करीत नाही. एवढे सारे गुण ज्या वस्तूत शेकडो वर्षे रोज हाताळले गेले, तिला शहरातील दुकानदार ‘नवा शोध’ म्हणतो, तेव्हा शोध वस्तूचा लागलेला नसून गिऱ्हाइकाचा लागलेला असतो. यात केळीच्या पिशवीची निंदा मुळीच नाही. जळगावकडे घड कापून झाल्यावर केळीचे खांब शेतात ओझे होऊन पडतात. त्यांतून धागा निघत असेल आणि चार हातांना काम मिळत असेल तर ते इष्टच आहे. आमचा आक्षेप विशेषणाला आहे.

हाच न्याय आमच्या तिगावाला लावून पाहू. समुद्रकाठच्या वाचकांना हे गाव कदाचित ठाऊक नसेल. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, पांढुर्ण्याजवळ, हे मराठी बोलणारे गाव आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला. पांढुर्णा आणि सौसर हे तालुके मध्य प्रदेशातच राहिले, आणि २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळे काढून या दोहोंचा पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. राज्य बदलले नाही, जिल्हा बदलला. संत्र्यांच्या बागा, कापूस आणि पोळा ज्यांचे त्यांच्यापाशी राहिले. या प्रांतात ‘हस्तकलेचे प्रदर्शन’ पाहावयाचे असेल तर पोळ्याच्या दिवशी यावे. माणसाच्या खांद्यावर साधी कापडी पिशवी असते, आणि बैलाच्या अंगावर सारे कौशल्य उधळलेले असते : वेसण, म्होरकी, कासरा, गोंडे, झूल, घुंगुरमाळ. दोर अंबाडीचा, तागाचा, किंवा पळसाच्या मुळांची साल ठेचून काढलेल्या वाकाचा. अंबाडीचे देठ पाण्यात बुडवून कुजवायचे, सोलायचे, झोडपायचे, वाळवायचे आणि मग मांडीवर पीळ द्यावयाचा. यांतील प्रत्येक पायरीला हात लागतो आणि दुर्गंधही सोसावा लागतो. वेसण बैलाच्या नाकातून जाते, तेव्हा तिचा पीळ खरखरीत असून चालत नाही. येथे वस्तूचा परीक्षक बैल आहे आणि तो चिठोरे वाचत नाही. आता बाजारात नायलॉनचे रंगीत साज स्वस्तात मिळतात आणि पुष्कळ ठिकाणी तेच दिसतात. नाकपुडी सोलली की शेतकरी त्यांना शिव्या देतो आणि पुढल्या वर्षी, पैशांच्या अडचणीने, तेच घेतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या जाम नदीत पळसाचे झाड उभारून जी गोटमार होते तिच्याविषयी सर्वत्र लिहिले जाते. त्याच पळसाच्या मुळाच्या दोरीविषयी कोणी दोन ओळीही लिहीत नाही. असो.

संत्र्याची गोष्ट याहून बोलकी आहे. इटलीतील सिसिली बेटावर कातानिया येथे २०१४ मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑरेंज फायबर’ नावाच्या उद्योगाने संत्र्यांचा रस काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यातील काष्ठतंतू वेगळा करून त्याचे वस्त्र केले, आणि २०१७ मध्ये फेरागामो या विख्यात पेढीने त्याचे कपडे व रुमाल विक्रीला आणले. वस्त्र रेशमासारखे मऊ झाले, हे त्या कारागिरांचे यश निर्विवाद आहे. परंतु त्यासाठी रसाचे कारखाने हवेत, चोथ्याचे डोंगर एका जागी साचावयास हवेत आणि रसायनशाळा हवी. तिगावचे संत्रे फळ म्हणून पेटीत भरून बाहेरगावी जाते; साल ज्याच्या त्याच्या घरी निघते. ‘आपल्याकडेही संत्र्याची पर्स का होऊ नये?’ असे विचारणाऱ्या उत्साही मंडळींनी एवढा हिशेब आधी करावा. पदार्थ कोठे साचतो यावर कलेचा जन्म अवलंबून असतो. म्हणून कोकणात काथ्या, विदर्भात अंबाडी, आणि जेथे वेळूचे बन तेथे बुरुडाचे घर.

आता देवाच्या दारातील पिशव्यांकडे वळू. या पत्रिकेच्या वाचकांचा खरा परिचय त्यांच्याशीच आहे. गोमुखी ही आमच्या मते भारतीय पिशवीचा सर्वांत परिपूर्ण नमुना होय. तिच्यात काही नेले जात नाही. तिच्यात हात राहतो. माळ मधल्या बोटावर फिरावी, तर्जनीचा स्पर्श होऊ नये, मेरुमणी ओलांडला जाऊ नये आणि गणती दुसऱ्यांच्या दृष्टीस पडू नये, एवढ्या सर्व नियमांना एका गाईच्या मुखाच्या आकारात बसविले आहे. शिलाईत जराही दिखाऊपणा नाही. जे दाखवावयाचे नाही त्यासाठीच जी वस्तू केली, तिला दिखाऊपणा शोभणार तरी कसा? आज ती चकचकीत कृत्रिम कापडावर देवादिकांची चित्रे छापून विकली जाते. हात आत घामेजतो, आणि बाहेरचे चित्र मात्र जप करणाऱ्याची जाहिरात करीत असते.

खंडोबाच्या वाघ्याची भंडाऱ्याची पिशवी हे दुसरे उदाहरण. ती परंपरेने व्याघ्रचर्माची. त्याचे नावच तिच्याशी जोडलेले. तुळजाभवानीचे भुत्ये आणि आराधी कवड्यांच्या माळा घालतात व हाती परडी घेतात. समुद्रातील कवडी घाटावरच्या भक्ताच्या गळ्यात आली ती एके काळी ती चलनी नाणे होती म्हणून. वासुदेवाच्या टोपीतील मोरपीस पक्ष्याने आपण होऊन टाकलेले. एकाहून एक दुर्मीळ, विलक्षण द्रव्ये. आणि तरीही यांपैकी कोणत्याही वस्तूची प्रतिष्ठा त्या द्रव्याच्या दुर्मीळपणावर टिकलेली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाचे कातडे बाळगणेही गुन्हा ठरला. त्यामुळे वाघ्या संपला काय? पिशवी दुसऱ्या कातड्याची वा कापडाची झाली. भंडारा तोच उधळला जातो. गोव्यातील घुमटाचेही तसेच. घोरपडीचे कातडे त्याच कायद्याने वर्ज्य झाले, मडक्याच्या तोंडावर बकऱ्याचे कातडे चढले. जाणकार म्हणतात की नादात फरक पडला, आणि त्यांचे म्हणणे खोटे नसेल. पण चवथीच्या आरत्या थांबल्या नाहीत. तेव्हा परंपरा नव्या द्रव्याला भिते, हा समज चुकीचा आहे. तिने द्रव्ये बदलली आणि कार्य सांभाळले. आजचा व्यापार नेमके याच्या उलट करतो : द्रव्याचा डांगोरा पिटतो आणि पिशवीत काय ठेवावे याचा विचार शेवटी करतो. फुलपाखराएवढी पर्स, तिच्यात किल्ली मावत नाही. परंतु ती मशरूमची आहे!

या नव्या द्रव्यांपैकी दोहोंचा विचार देवळाशी संबंध असणाऱ्यांनी अवश्य केला पाहिजे. केरळात ‘मलाई’ नावाचा उद्योग खोबऱ्याच्या धंद्यात फेकल्या जाणाऱ्या नारळपाण्यावर जीवाणू वाढवितो. ते जीवाणू जो तंतुमय पापुद्रा विणतात त्यात केळी वा ताग यांसारखे धागे मिसळून चामड्यासारखे पत्रे तयार होतात. फिलिपाईन्समध्ये याच पापुद्र्याचे तुकडे गोड पाकात घालून आवडीने खातात. ज्या समाजाने नारळाचे पाणी तीर्थाइतके मानले त्याला यात खटकण्यासारखे काही नाही. दुसरे उदाहरण मात्र नाजूक आहे. कानपूरची ‘फूल’ ही संस्था देवळांतील निर्माल्य गंगेत जाऊ न देता गोळा करते व त्याच्या उदबत्त्या करते. फुलांच्या ढिगावर वाढलेल्या बुरशीवरून सुचून त्यांनी निर्माल्याचेच एक चामडेसदृश द्रव्य सिद्ध केले. नदी वाचते, फुले वेचणाऱ्या स्त्रियांना काम मिळते, जनावर मरत नाही. मग प्रश्न उरतो तो कोणता?

प्रश्न असा की निर्माल्य ही कोणाची वस्तू? देवाला वाहिलेले फूल पायदळी येऊ नये म्हणून ते वाहत्या पाण्यात सोडावे किंवा झाडाच्या मुळाशी घालावे, हा शिष्टाचार. पाण्यात सोडण्याची सोय आता उरलेली नाही, हे मान्य केलेच पाहिजे. हार बांधण्याचा दोरा नायलॉनचा आणि कीटकनाशकाने माखलेली फुले टनावारी, अशा स्थितीत नदीत सोडणे हा भक्तीचा नव्हे, उपद्रवाचाच प्रकार होतो. देवापुढे आलेली वस्तू पुन्हा संसारात येऊच नये, असेही आमचे शास्त्र म्हणत नाही. आमच्या गोव्यातील देवळांतून पावणी होते. देवीला आलेले लुगडे, फळे, नारळ बोली बोलून घेतले जातात, आणि घेणारा ती वस्तू प्रसाद म्हणून मस्तकी लावतो. म्हणजे वस्तूला दुसरा जन्म आहे. पण त्या जन्मात तिला आपले कूळ ठाऊक असते, आणि घेणारालाही. निर्माल्याच्या पर्सला आम्ही याच कसोटीवर लावू. तिच्यावर तिचे मूळ स्पष्ट लिहिलेले असावे, तिची गोमुखी, पोथीचे वेष्टन वा पैशांची थैली व्हावी, आणि तिचा जोडा होऊ नये. चामड्याला पर्याय म्हणून निघालेल्या द्रव्याचा जोडा कधीतरी कोणी करीलच, म्हणून हे आधी सांगावयाचे. कित्येक सोवळ्या मंडळींना पर्सही रुचणार नाही, तर सुधारक मंडळींना जोड्याची बंदी हास्यास्पद वाटेल. दोघांशीही आम्ही सहमत नाही.

यापुढचे चार शब्द या पत्रिकेच्या वाचकांना कदाचित गोड लागणार नाहीत. ‘चामडे नाही’ या दोन शब्दांवर ही सारी नवी बाजारपेठ उभी आहे. पशुहत्या टळावी ही भावना उदात्त आहे आणि तिचा आम्ही आदर करतो. पण आमच्याकडे हे शब्द कानी पडताच दुसरीच एक जुनी तार झंकारते, ती विटाळाची. कित्येक देवळांच्या दारावर चामड्याचा पट्टा आणि पाकीट काढून ठेवावयास सांगतात; आत गाभाऱ्यासमोर जो पखवाज वाजतो त्याची पुडी कातड्याची, ओढण्याची वादी कातड्याची. आरतीच्या घुमटाचे आताच सांगितले. म्हणजे कातडे आत गेले, कातडे कमावणारा मात्र पिढ्यान्‌पिढ्या बाहेर राहिला. ज्या सुपात देवीची ओटी भरतात ते विणणाराही पायरीच्या पलीकडेच उभा होता. हाताने केलेल्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्या कोणत्याही लेखात हे आले नाही तर तो लेख अर्धा आहे असे आम्ही समजतो.

आणि ज्या ‘निर्मळ’ द्रव्यांना आम्ही डोक्यावर घेतो ती खरोखर किती निर्मळ असतात? अननसाच्या पातीच्या तंतूंपासून होणाऱ्या ‘पिन्याटेक्स’ या प्रसिद्ध द्रव्यात मक्यापासून काढलेले एक प्लास्टिक मिसळलेले असते आणि वर पॉलियुरेथेनचा मुलामा असतो. तो नसेल तर पाऊस लागताच पिशवी भिजून जाईल. हा दोष नव्हे, तडजोड आहे. परंतु चिठोऱ्यावर अननस मोठ्या अक्षरात आणि मुलामा बारीक अक्षरात असेल, किंवा मुळीच नसेल, तर ते असत्य होय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक नियम केले आहेत. ‘नैसर्गिक’, ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ असे मोघम शब्द पुराव्यावाचून आणि खुलाशावाचून वापरू नयेत, असा त्यांचा आशय आहे. विशेषणांवर कायद्याचा अंकुश आला, हे पाहून टीकाकाराला हेवाच वाटावा. आमच्या साहित्यावर असा नियम कोणी करीत नाही. उलटपक्षी कोल्हापूरकडील जुनी चप्पल पाहा. तिचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात, तळ हाताने शिवतात, खिळा वापरीत नाहीत. तिला ‘नैसर्गिक’ म्हणावयाचे कोणाच्या मनातही येत नाही, कारण तिला चांभाराचा हात लागलेला असतो, प्रयोगशाळेचा नव्हे.

त्याच चपलेने २०२५ साली आम्हां कायदेवाल्यांना एक धडा घालून दिला. २२ जून रोजी मिलान येथे ‘प्राडा’ या इटालियन पेढीने पुरुषांच्या नव्या पोषाखांत कोल्हापुरी वळणाच्या चपला दाखविल्या आणि त्यांचे वर्णन केवळ ‘चामड्याच्या चपला’ असे केले. वस्तू ओळखीची होती, नाव गायब होते. महाराष्ट्रात संताप उसळला. पेढीने प्रेरणा कोठून आली ते मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि जुलैमध्ये ती फेटाळली गेली; ज्यांच्या नावे भौगोलिक निर्देशन नोंदलेले आहे ते स्वतः दाद मागू शकतात, इतरांनी त्यांच्या वतीने यावयाचे कारण काय, असा न्यायालयाचा रोख होता. भावनेच्या भरात पुष्कळांना हा निर्णय कठोर वाटला. आमच्या मते तो योग्यच होता. १९९९ च्या कायद्याने भौगोलिक निर्देशन नावाचे रक्षण करते, आकाराचे नाही. ‘कोल्हापुरी’ हा शब्द चोरला असता तर तो अपराध ठरला असता. अंगठा आणि पट्टा यांचे वळण कोणाच्या मालकीचे नाही, आणि शतकानुशतके चालत आलेला आकार २००० च्या आरेखन कायद्याखाली ‘नवा’ म्हणून नोंदविताही येत नाही. ज्याने नाव घेतले नाही त्याने, कायद्याच्या दृष्टीने, काहीच घेतले नाही. अशी ही विचित्र गाठ आहे.

ती सुटली ती न्यायालयाबाहेर. डिसेंबर २०२५ मध्ये त्या पेढीने महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाशी आणि कर्नाटकाच्या त्याच कार्याच्या महामंडळाशी करार केला; सुमारे दोन हजार जोड येथील कारागिरांकडून करवून घ्यावयाचे आणि जोडाला सुमारे आठशे युरो किंमत ठेवावयाची, असे जाहीर झाले. एक गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. २०१९ मध्ये मिळालेले हे निर्देशन महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे मिळून आहे. ज्या सीमेवरून दोन राज्ये पिढ्यान्‌पिढ्या भांडत आली ती चांभाराच्या आरीने सहज ओलांडली. तिगावसारख्या सीमेपलीकडे राहिलेल्या मराठी गावातून पाहताना हे आम्हांस विशेष जाणवते.

मात्र त्या आठशे युरोंपैकी तळ शिवणाऱ्याच्या हाती किती पडतील, हे कोणत्याही चिठोऱ्यावर लिहिलेले नसेल. पिशवीचे द्रव्य कोठून आले हे सांगण्याची आता सक्ती होऊ लागली आहे. ती कोणी केली आणि त्यास काय मिळाले हे सांगण्याची सक्ती नाही. पैठणीच्या काठाची पर्स घ्या. येवल्याच्या वा पैठणच्या मागावरचा खरा तुकडा तिच्यात आहे की यंत्रमागावरची नक्कल, हेसुद्धा घेणारी विचारीत नाही, आणि विकणारा आपण होऊन बोलत नाही. आमच्या देवळांपासून आरंभ करावयास हरकत नाही. देवस्थान समित्या वर्षाकाठी प्रसादाच्या पिशव्या, ओटीची सुपे, फुलांच्या परड्या, पखवाजाच्या पुड्या यांवर खर्च करतात. तो खर्च जमाखर्चात ‘किरकोळ’ या सदराखाली जातो. सभामंडपाच्या भिंतीवर फरशी, घंटा आणि पंखा देणाऱ्यांची नावे संगमरवरात कोरलेली आहेत. पुढच्या वर्षीच्या अहवालात सूप विणणाऱ्याचे आणि पुडी चढविणाऱ्याचे नाव, गाव आणि त्यास दिलेली रक्कम, एवढे तीन रकाने छापावयास एक पानही लागणार नाही.